कागदाची मागची बाजू

मंगळवार, ३
दोन रेघा. परत पाहिलं, परत दोन! मोरीत तोंडात टॉवेल कोंबून रडले. मला नको. मला नकोच आहे.

नवऱ्याला मुलांचं भारी वेड. शेजारचं बाळ दिसलं की हा विरघळतो. कळलं तर नको म्हणूच देणार नाही.

बुधवार, ४
हे इथेच लिहिते, बाकी कुणाला सांगणार? धाकटी झाल्यावर तिला छातीशी धरून गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहायचे. तीनदा. चौथ्यांदा गेले तर दाराला कुलूप. वरच्या मजल्यावरच्यांनी लावलं असेल. त्या कुलपामुळे आम्ही दोघी आहोत. पुन्हा त्यातून जायची ताकद माझ्यात नाही.

शुक्रवार, ६
लाँड्रीतल्या कामावरून लवकर निघून दवाखाना गाठला. सिस्टर बरी निघाली, खेकसली नाही. तिने पाडायचे प्रकार सांगितले. दिवस कमी असले तर गोळ्या. नाहीतर नळीने ओढून गर्भपिशवी रिकामी करतात, काही मिनिटांचं काम. फार दिवस गेले तर मोठ्या हॉस्पिटलात राहावं लागतं, धोकाही वाढतो. म्हणजे उशीर नको!

पण आधी सोनोग्राफी म्हणे. गर्भ कुठे बसलाय ते पाहिल्याशिवाय गोळी देणार नाही. कुठे बसणार? जिथे बसतो तिथेच की.

एक कागद दिला. पुढे प्रकार, मागे धोके. पुढची बाजू आता पाठ झालीय. मागची वाचणार नाही, उगाच धडकी भरायला!

शनिवार, ७
सोनोग्राफीच्या दारातून उलट्या पावली परत आले. काउंटरवर नवऱ्याची मामेबहीण! तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसरीकडे जायचं तर रजा हवी, आणि मालक कारण विचारणार.

शेवटी जावेपाशी बोलले. तिने ओळखीच्या दुकानातून गोळ्या आणून देते म्हणून सांगितलं. मीही घेतल्या होत्या, मला कुठे काय झालं, म्हणाली. भलं करायलाच निघालीय बिचारी.

मंगळवार, १०
घेतल्या. रक्त गेलं, पण वाटलं होतं त्यापेक्षा कमीच.

सुटले! संध्याकाळी दोन्ही मुलींचे केस विंचरून दिले आणि गाणं म्हटलं. थोरली म्हणाली, आई, तू किती दिवसांनी गातेयस.

शनिवार, १४
उजव्या कुशीत कळ. येते, जाते. चादरींचा डोंगर होता आज, उभं राहून कंबरेचा काटा ढिला झाला.

रविवार, १५
कुशीतलं थांबत नाही, आता खांदाही दुखतोय. उजवाच, इस्त्रीचा हात. नवऱ्याने तेल चोळून दिलं. आठवडाभर इस्त्रीला हात लावू नकोस म्हणाला. त्याच्याकडे बघवेना मला.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. अशक्तपणा असणार.

बुधवार, १८
हॉस्पिटल. सोमवारी इस्त्रीच्या टेबलाशी कोसळले म्हणे. माझी पिशवी लाँड्रीतून नवऱ्याने आणून दिली, वही तळाशी तशीच होती.

गर्भ गर्भाशयात नव्हताच, बाजूच्या बीजनलिकेत होता. गोळ्यांनी तो जात नाही. रक्त गेलं आणि मी समजले, झालं! नलिका फुटली, पोटात रक्त साचलं, म्हणून खांदा दुखत होता. मी मात्र इस्त्रीला दोष देत बसले. ऑपरेशन करून नलिका काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर तुम्ही नसता.

कागद वहीतच होता. आज मागची बाजू वाचली. चौथी ओळ: पोटात एका बाजूला किंवा खांद्यात दुखलं, चक्कर आली, तर लगेच या.

चौथीच ओळ. आणि मुली घरी वाट बघत होत्या.

गुरुवार, १९
हॉस्पिटलात नवऱ्याला गोळ्यांचं सगळं कळलंय. मी म्हटलं, ओरड एकदाचा. ओरडला नाही. माझे पाय चेपत बसून राहिला. मग म्हणाला, "गच्चीचं कुलूप मीच लावलं होतं. तुला विचारायची हिंमत नाही झाली."