बांधातली बैठक

१४ फेब्रुवारी २०१५, शनिवार
बँक अर्धा दिवस. तडक धरमतर खाडी. चक्रवाकांची जोडी दिसली! नारिंगी, ठसठशीत. रोह्याच्या पक्षिमित्र मंडळाचं प्रदर्शन आठ मार्चला. भिंतीवरची मधली जागा माझी, असं मीच सगळ्यांना सांगून बसलोय. मार्चअखेर पक्षी जातील. बांधावरून चिखलात उतरलो. चौथं पाऊल गुडघ्यापर्यंत गेलं. मिठागरावरच्या बायजाबाईंनी काठीने ओढून काढलं. म्हणाल्या, "सायब, हितं आमची म्हस पन जात नाय."
नोंद: मी घाबरलो नव्हतो. ओरडलो ते त्यांना बोलावण्यासाठी.

१५ फेब्रुवारी, रविवार
एकतीस फोटो. प्रत्येकात दोन ठिपके. शांतीने विचारलं, लेन्सवर धूळ आहे का. बायकोला फोटोतलं काय कळतं.
निश्चय: चिखलात उतरायचं नाही. पक्ष्यांना त्रास होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
उपाय सापडला. बांधावर उभा राहिलो की जोडी उडते. म्हणून खाडीच्या अंगाला, बांधातच, खुरप्याने बसण्यापुरता खड्डा कोरला. डोकं तेवढं वर. बांधाचा माथा पाच फूट रुंद, मी तीन घेतले, दोन उरतात. हे बरोबर आहे का, असं स्वतःला विचारलं. बरोबर वाटलं. पुन्हा विचारलं नाही.

१ मार्च, रविवार, सकाळी ७.१०
खड्ड्यावर सतरंजी पसरून शेजारी चहा पीत होतो. बांधाची राखण करणारे गुणाजी आले. खेकड्याचं बोटभर बीळ दिसलं, ते टाचेने दाबून बुजवलं. एवढ्याशा बिळाने काय होतं, असं मी सहज विचारलं. म्हणाले, "उधानाचं पानी शिरलं का खांड पडते, बांधच वाहून जातो. माज्या बापाच्या टायमाला पडली, तीन वरसं भात नाय झाला गावात." ते जाईपर्यंत सतरंजीला हात लावला नाही.
खड्डा लगेच बुजवणार होतो. पण तेवढ्यात जोडी शंभर फुटांवर आली. फोटो काढले. घाईत सगळे हलले.

४ मार्च, बुधवार
कॅलेंडर पाहिलं. उद्या पौर्णिमा, मोठं उधाण परवा. चेकवर दोनदा उलटा शिक्का. शेवटी शांतीला सांगितलं. ती म्हणाली, "मग बुजवून या ना. माझ्याकडे काय बघता?"

५ मार्च, गुरुवार
फावडं घेऊन खाडीअलीकडच्या वडखळपर्यंत गेलो. गुणाजींनी विचारलं तर काय सांगायचं? परत आलो. दोन फूट माती म्हणजे काही थोडी नव्हे.

६ मार्च, धुळवड, दुपारी
राहवेना, गेलो. भरती बांधाला टेकलेली आणि माझ्या खड्ड्यातून मागच्या शेतात धार लागलेली. ओरडलो. या वेळी घाबरूनच. रंगाने माखलेली माणसं धावत आली. पेंढा टाकला, ढेकळं टाकली. सगळं वाहून जात होतं. गुणाजींनी खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगाकडे. "सायब, बसा हितं."
बसलो. माप चोख होतं. धार थांबली.
दीड तास. पाठीला अख्खी खाडी, पुढून गाव माती थापतंय. बायजाबाई ओरडल्या, "गुणाजी, सायब पांढरं पडलं!" ते म्हणाले, "पडू दे गो, मातीनं रंगंल." कुणीतरी विचारलं, एवढं भोक केलं कुणी? गुणाजी म्हणाले, "खेकड्यानं. पन लय मोठा व्हता." माझे दात वाजत होते. म्हणालो, तो खेकडा मी. "ठावं हाय," ते म्हणाले. "हलू नका."
तेव्हाच चक्रवाक आले. खाडी भरल्यामुळे शेतात, माझ्यासमोर, वीस फुटांवर उतरले. ऊन छान होतं. बसताना काढून दिलेला कॅमेरा बायजाबाईंच्या गळ्यात होता आणि माझे दोन्ही हात मातीत.

७ मार्च, शनिवार
ताप. बांध टिकला. कॅमेऱ्यात एकच स्पष्ट फोटो, बायजाबाईंनी काढलेला: गळ्यापर्यंत चिखल, डोळे गच्च मिटलेला मी. पक्षी त्यांच्या पाठीमागे होते. शांतीने बराच वेळ पाहिला. म्हणाली, हा मात्र ठिपका नाही.
गुणाजींचा निरोप आलाय. माती अजून ओली आहे, वीस तारखेला अमावास्येचं उधाण, सायबांनी सकाळीच यावं. कॅमेरा आणू नये.