जिन्यातले नळ

सर,

मॉडेल पुठ्ठ्याचं असलं म्हणून काय झालं, ते मोडायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझी लेक इमारती आखायला शिकायला तुमच्याकडे येते. तिने सहा मजल्यांची इमारत केली आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक नळ आणि छोटी मोरी ठेवली. तुम्ही सगळ्या वर्गासमोर विचारलंत, "हे कुणाच्या डोक्यातलं खूळ?" आणि चिमटीने एकेक मोरी उपटून टाकलीत.

खूळ माझ्या डोक्यातलं. मी तीन इमारतींचे जिने पुसते. नळ फक्त तळमजल्यावर, आणि लिफ्टमध्ये आम्हाला बादली नेऊ देत नाहीत. लेक एक दिवस वही घेऊन माझ्या मागे मागे जिने चढली, मगच तिने नकाशात ते नळ आखले. त्याआधी तीही तुमच्यासारख्या नुसत्या काचेच्या भिंतीच आखायची. मी म्हणायचे, "पुसणार कोण, तुझा बाप?"

आता ती नकाशातलेही नळ खोडत बसलीय. "आई, सरांना नाही आवडत," म्हणते. हे पत्र पाठवलं तर तुम्ही तिला नापास कराल म्हणून रडते, म्हणून ते अजून माझ्या पिशवीतच आहे. पण सोमवारी तिला शेवटचे नकाशे द्यायचेत. तेव्हा शनिवारच्या आत मला उत्तर पाहिजे. सहाव्या मजल्यावर भरलेली बादली घेऊन कोण चढणार, तुम्ही?

जिने पुसणारी,
तिची आई