सकाळी रुसणारी गाडी

शनिवार, ३ जानेवारी

आज परत! किल्ली फिरवली, आवाजसुद्धा नाही. डॅशवरचे दिवे मिणमिणले आणि गेले. हॉर्न दाबला तर वायपर हलले! बापाची टॅक्सी आहे म्हणून, नाहीतर समुद्रात ढकलून दिली असती.

आई शेजारच्या सीटवर, शाल गुंडाळून, मांडीवर पिशवी. डायलिसिसची खुर्ची सातची. वेळेत नाही पोचलो की मशीन पुढच्याला. गल्लीतल्या पोरांनी ट्रॅमच्या रुळांपर्यंत ढकलत नेली, तेव्हा कुठे पेटली. नर्स म्हणाली, "आज अर्धंच होईल हं, लुत्फी." अर्धंच! म्हणजे अर्धं विष अंगातच ठेवून घरी आणायचं.

रविवार, ४

उस्ता वहबाकडे, आमच्या मेकॅनिककडे नेली. बाप होता तेव्हापासून ही गाडी त्याच्याच हातची. वर चांगलं ऊन, तर ही बया पहिल्या किल्लीत सुरू! वहबा हसायला लागला. "लुत्फ्या, गाडी ठणठणीत आहे. तुझंच डोकं तपासून घे."

तरी दिवा लावून बॉनेटखालची एकेक तार बघितली त्याने. बॅटरी ठीक, कॉइल ठीक. पॉइंट घासून दिले. "दोष दिसला तर काढीन ना बाबा. दिसतच नाही तो कुठून काढू?" बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

सोमवार, ५

बंद. बाहेर वादळ, गल्लीत पाणी. दोस्त समीरची टॅक्सी बोलावतो म्हटलं तर आई म्हणते, "नको रे, परक्याच्या गाडीत मळमळतं मला." आज गेलोच नाही. ती उलट माझीच समजूत घालत होती — "असू दे बाळा. एका दिवसानं काय होतंय!" आणि चक्क चहा टाकायला उठली. मी तोंड फिरवून बसलो. रडू आलं होतं.

मंगळवार, ६

पाय सुजले तिचे. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.

स्वयंपाकघरात मिठाची बरणी रिकामी! परवाच भरली होती. तिला मीठ वर्ज्य, मीही तिच्याबरोबर अळणी भेंडी गिळतो, आणि ही चोरून खाते? खूप बोललो. "अल्लाची शपथ, जिभेला लावलं नाही," म्हणाली. मला पटलं नाही.

बुधवार, ७

बंद. वहबाचं दुकानही बंद, तो कॉप्टिक ख्रिस्ती, त्यांचा नाताळ आज. ताटावरून उठवून आणावं म्हणून त्याच्या दारापर्यंत गेलो. आतून पोराबाळांचा हसण्याचा आवाज. परत फिरलो. आईला पाठीवर घेऊन ट्रॅमपर्यंत गेलो. पोचायला उशीर, परत अर्धंच. केवढी हलकी झालीय! एवढं पाणी साठून हलकी!

गुरुवार, ८

वहबा स्वतःच आला, उजाडायच्या आत, नाताळची बिस्किटं घेऊन. "आजारी असतानाच बघायला हवी हिला," म्हणाला. किल्ली फिरवली — मेलेली. डॅशखाली डोकं घालून पडला आणि आतूनच ओरडला, "लुत्फ्या, घरात मीठ कमी पडलंय का रे?"

फ्यूजच्या डबीमागे कापडाच्या पुरचुंड्या कोंबलेल्या! सगळ्यांत मीठ. सगळं ओलंचिंब, तारांच्या टोकांना हिरवा गंज. समुद्राची हवा, रात्रभर मीठ पाझरायचं. दुपारी उन्हानं वाळलं की गाडी पुन्हा शहाणी. आणि गाडी बंद पडली की आई नजर उतरावी म्हणून आणखी एक पुरचुंडी कोंबायची!

"समोरची उम्म शौकी रोज खिडकीतून टक लावून बघते गाडीकडे," आई म्हणाली. "आरशाला टांगलेल्या निळ्या मण्यानं असली नजर टळते का?"

माझा तोल गेला. "उम्म शौकीनं नाही, तूच मारलीस गाडी! आणि स्वतःलाही मारशील!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. वहबानं माझा दंड धरला. "आईशी बोलतोयस. सांभाळून."

संध्याकाळपर्यंत त्यानं सगळ्या तारा बदलल्या. ठिणगीच्या कॉइलकडे जाणारीसुद्धा नवी.

शनिवार, १०

पहिल्या किल्लीत! साडेसहालाच दवाखान्यात! देवा, तुझे उपकार.

सोमवार, १२

आजही वेळेवर. सूज उतरली. पण आई रस्ताभर खिडकीबाहेरच बघत होती. माझं बोलणं लागलंय तिला. लागणारच, मूर्खासारखं बोललो मी.

डॉक्टरला तिनं विचारलं, "हे अजून किती दिवस, बाळा?" तो पोरगेला डॉक्टर हसून म्हणाला, "आता कायमचंच, आजी."

बुधवार, १४

बंद!! पण तऱ्हा वेगळी. दिवे लख्ख, स्टार्टर जोरात फिरतो, ठिणगी मात्र नाही. वहबा आला. कॉइलची नवी तार डॅशखाली निसटली होती. लावून दिली. तोवर खुर्ची गेली.

शनिवार, १७

तीच तार. आता मला लावता येते, पण अंधारात टोक सापडेपर्यंत वेळ जातो. निघालो तर आईला गाडीतच उलटी झाली. परत घरी.

सोमवार, १९

तीच. दिवसभर खड्ड्यांतून सवारी नेतो तेव्हा निसटत नाही. सकाळीच निसटते. माझ्याच नशिबात हे का?

मंगळवार, २०

वहबाला गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते बोललो. तुझे हात थरथरतात म्हणालो, लुटतोस म्हणालो. त्यानं हातातली पकड माझ्यासमोर धरली. "पकडीनं दाबून बसवलीय मी. ओढल्याशिवाय नाही निघायची."

"मग काय जिन येऊन ओढतो?"

"गाडी माझ्या दारात उभी असते का रे रात्री? तुझ्या दारात असते. तूच बघ."

घरी आलो. आईला आडवं होता येत नाही, धाप लागते. उशा लावून बसवलं. बापाची गाडी हातात, सगळं शहर फिरवून आणतो, आणि एका म्हातारीला दवाखान्यात पोचवता येत नाही. हरलो मी. पार हरलो. उद्याची खुर्ची चुकली तर डॉक्टर म्हणतात पाणी फुप्फुसात जाईल.

बुधवार, २१

आईला गाडीत बसवलं. रोजच्यासारखं म्हणाली, "पाण्याची बाटली राहिली रे, जा घेऊन ये." बाटली आज माझ्या कोटाच्या खिशात होती. दारातूनच वळलो.

तिचा हात डॅशखाली. बोटांत तार.

लपवलंसुद्धा नाही तिनं. "मीठ खरंच नजरेसाठी होतं, लुत्फी," म्हणाली. "पण गाडी बंद पडली की घरी राहायला मिळतं, हे तेव्हा कळलं. मला नाही रे जायचं आता. तुझ्या तोंडाकडे बघून सांगवेना."

तिला आत आणून उशांना टेकवून बसवलंय. पावणेसात झालेत. तार परत लावायला आता मला मिनिटभर पुरे. अजून लावलेली नाही.