ठिकाण चारची उंची

६ जानेवारी, मंगळवार. तबूक.
थंडी फार. नमाजच्या वुजूपुरतं पाणी तापवलं, उरलेल्यात भांडी. हीटर नाही लावला. एकट्या जिवाला शाल पुरते.
जिन्यात वरच्या हैदराबादी भाभी भेटल्या. "तुम्हारे मियाँ हर्रे में जमीन नापते बोलते. बेचने की है क्या?" हसू आलं. म्हटलं नाही बाजी, तिथे नुसता काळा दगड, कधीकाळी पेटून वाहिलेला. खालून अजून फाटतोय का ते बघतात. खडकात पितळी खिळा, खिळ्यावर तिवई, तिवईवर अँटेना. दोन दिवस ती वरच्या उपग्रहांचं ऐकते. सहा महिन्यांनी परत त्याच खिळ्यावर. नखाएवढा हलला तरी कळतं. भाभी म्हणाल्या, "या अल्लाह! और आप यहाँ अकेले सोते?"
संध्याकाळी मगरिबच्या आधी यांचा फोन. ठिकाण २ चे आकडे. तंबूत रेंज नाही, राखेच्या टेकडीवर चढून करतात. धाप लागलेली ऐकू येते.

८ जानेवारी, गुरुवार.
आठवड्याचे फॉर्म भरून फोटो पाठवले. हे ते पुढे जेद्दाच्या ऑफिसला पाठवतात. खिळ्यापासून अँटेनाची उंची, तीन बाजूंनी टेपने, मिलीमीटरमध्ये, बसवताना एकदा आणि काढताना एकदा. म्हणजे ठिकाणाला सहा आकडे. हे तिवईच्या डब्यावर खडूने लिहितात, मला सांगून झालं की पुसतात. यांचं अक्षर म्हणजे मुंग्या, शिवाय चष्मा लागलाय. चार वर्षं झाली, फॉर्म माझ्याच हातचे. ऑफिसला ठाऊक नाही.
ऑफिसचे जाधव साहेब यांना म्हणाले, "इस्माईलभाई, सगळ्यांत स्वच्छ कागद तुमचे." हे सांगताना हसत होते. मग आमच्या श्रीवर्धनच्या विहिरीचं काहीतरी काढलं. आकडे संपल्यावरही बोलले आज.

११ जानेवारी, रविवार.
वारा. खिडकीच्या फटीत फडकं कोंबलं.
ठि. ४ काढताना: १४३२, १४१५, १४०९. बसवताना तिन्ही १४३७ होते. विचारलं, नीट बघितलंत ना?
"बघितलं गो. अंधार पडतोय, बोटं वाकत नाहीत, ठेवतो."
ठेवला.
मनाला पटेनात ते आकडे. काही आलं नाही, काही गेलं नाही, मग आरंभी आणि अखेर वेगळं कसं? घरच्या हिशेबाच्या वहीत असं निघालं तर मी जेवत नाही. टेप वाऱ्याने वाकली असेल. कच्च्या वहीत तिन्हींवर रेघ मारली, फॉर्मवर तिन्ही १४३७ केले.
कागद नीट दिसतो आता.

१२ जानेवारी, सोमवार.
ठि. ५ ची दुसरी तिवई काढली, सहाही आकडे जुळले. चार-पाचचे फॉर्म गुरुवारची वाट न बघता आजच पाठवले.
दिवसभरात कोणाशीच बोलले नाही, फोन सोडून. दुपारी जोहरच्या नमाजनंतर सूरह मोठ्याने वाचली, घरात आवाज असावा म्हणून. लेकीला, सनाला, मेसेज केला, तिकडून अंगठा आला. परीक्षा आहे तिची.

१५ जानेवारी, गुरुवार.
आज फोन लवकर! धावत चढले असणार. "शरीफा, चार खचलंय. जवळजवळ दोन सेंटीमीटर. जाधव साहेब दोनदा बोलले माझ्याशी. एवढी वर्षं नुसता दगड मोजला, आज काहीतरी सापडलं." असा आवाज लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकलेला.
मी शुक्राच्या, आभाराच्या, दोन रकात नमाज पढले. शेवया केल्या, अर्ध्या वर भाभींकडे.

१६ जानेवारी, शुक्रवार.
ठि. ४ च्या खालच्या वादीत, कोरड्या ओढ्यात, अबू सालेमचे तंबू. म्हातारा यांना रोज शेळीचं दूध पाठवतो, पैसे दिले तर रागावतो. त्याला ऑफिसने सांगितलंय, तपास होईपर्यंत इथून हला. पाणी तिथेच, शेळ्या तिथे. सून गरोदर.
हे म्हणाले, "काय करणार? जमीन खचली तर खचली."

१७ जानेवारी, शनिवार.
या अल्लाह.
हे ठि. ६ चं सांगत होते. "आज वेळ लागला. तिवईचा एक पाय रुतला होता, तिन्ही बाजूंचं वेगवेगळं येत होतं. परत बसवली. पाय रुतला की असंच येतं, आरंभी एक, अखेर तीन तऱ्हेचं. तसं फॉर्मवर दिसलं की साहेब ते मोजमाप टाकूनच देतात."
मी लिहीत होते. पेन तिथेच थांबलं.
१४३२, १४१५, १४०९.
जमीन नाही खाली गेली. अँटेना गेली. मी उंची तीच ठेवली, म्हणून कागदावर जमीन खचली. यांनी बरोबर वाचलं होतं, बरोबर सांगितलं होतं.
"ऐकतेस ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. एवढंच म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार.
असरच्या नमाजात तिसरी की चौथी रकात, विसरले. परत पढले. परत विसरले.
सांगितलं तर यांची नोकरी. इकामा, इथे राहायचा परवाना, नोकरीवर. आणि खरं लिहायचं तर, त्याहून आधी मनात आलं की फॉर्म माझ्याकडून जातील. फॉर्म गेले की रोज टेकडी कोण चढणार, कशासाठी? जेवलीस का विचारायला? ते तर आठवड्यातून एकदाही चालतं.
हे मनात आलं आणि तिकडे एक पोटुशी बाई तंबू गुंडाळतेय.
ठि. ७ चे आकडे घेतले. अक्षर वाकडं आलं.

१९ जानेवारी, सोमवार.
सांगितलं.
आकडे सुरू करायच्या आधीच. म्हटलं, चारचे अखेरचे तुम्ही दिलेले मी लिहिले नाहीत, माझ्या मनाचे लिहिले.
"म्हणजे?"
म्हणजे जुळवले.
 मग, "मी तुला जुळवायला सांगितलं होतं?"
नाही.
"अबू सालेमची अर्धी शेळ्यामेंढरं गाडीत चढलीत, शरीफा."
आजचे आकडे दिले नाहीत. ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार.
फोन नाही. दुपारी चार वाजल्यापासून वही उघडी. मगरिब झाली, इशा झाली. वही मिटली.

२१ जानेवारी, बुधवार.
सकाळी मेसेज: जाधवांना सांगितलं. चार परत मोजतोय. बस्स.
भाभी वाटी परत करायला आल्या. "आँखें क्यों सूजी?" कांदा, म्हटलं. त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. कांदा नव्हता. चहा स्वतःच ठेवला. दूध जास्त घातलं, मी अडवलं नाही.
फोन नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.
आला. नेहमीच्या वेळेला. धाप तीच.
"तुझं नाव घेतलं नाही. माझ्या हातून झालं म्हणालो."
कशाला खोटं?
"खोटं कसलं? कागद माझे."
साहेब काय म्हणाले?
"म्हणाले, इस्माईलभाई, वाऱ्यात उभं राहून कोणाचे इतके स्वच्छ आकडे येतात? मलाच कळायला हवं होतं." नोकरीचं महिनाअखेर बघू म्हणालेत. आजपासून टेपचा फोटो काढायचा, रेंज आली की सरळ ऑफिसला. फॉर्म बंद.
बरं, म्हटलं.
अबू सालेमला दोन दिवस थांबायला सांगितलंय. गाडी तशीच भरलेली उभी. सून गाडीच्या सावलीत बसून असते.
मग म्हणाले, "एक आहे. साहेब म्हणतात ठिकाण पाचही खाली गेल्यासारखं दिसतंय. थोडंसंच. चारचं जुनं मोजमाप वाया गेलं, नवं येईपर्यंत पाचवरच सगळं. अबू सालेमचं जाणं-राहणंही." मग विचारलं, "पाचचे तू जसेच्या तसे लिहिलेस ना?"
हो.
"जसेच्या तसे?"
बावीस वर्षांत यांनी मला कुठलीच गोष्ट दोनदा विचारली नव्हती. भाजीवाल्याचीही नाही, पोरीच्या फीचीही नाही.
कच्ची वही काढून सहाही आकडे वाचून दाखवले. सावकाश. रेघ नाही, खोडाखोड नाही, म्हटलं. अल्लाला हाजिर मानून सांगते, जुळलेलेच होते.
पलीकडे वारा.  यांनी फोन ठेवला नाही.