गट नंबर ११२ : वापर नाही

बोरखडी, ता. शेवगाव
३ नोव्हेंबर २०२५

ती. राधाकृष्णमामांस रुपालीचा सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलायची सोय नाही. म्हणून हा कागद. आम्ही सगळे बरे आहोत. धनश्रीला सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी मिळाले. मामींना सांगा, नाक माझं घेतलं तरी डोकं पोरीनं स्वतःचं आणलंय.

विभागीय विकास प्राधिकरणाचं पुस्तक ग्रामपंचायतीत आलंय, ‘सर्वसमावेशक आर्थिक वाढीचे प्राधान्यक्रम’. प्रस्तावना इतकी सुंदर की मी दोनदा वाचली. मग पान एकसष्टवर आमचं गाव सापडलं. गट नंबर ११२, म्हणजे आमचं गायरान, अडतीस एकर. तिथं गोदामं होणार. शेजारच्या रकान्यात लिहिलंय, ‘पडीक, वापर नाही’. मामा, तिथं आमच्या बचत गटांतल्या बेचाळीस बायकांच्या शेळ्या रोज चरतात. त्या शेळ्या तीन वर्षांपूर्वी याच प्राधिकरणानं दिल्या, माझ्याच हातून वाटल्या. आणि शेवटच्या रकान्यात, ‘ग्रामसभेची संमती आहे. उपस्थित महिला ४२’.

पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. ऑगस्टच्या ग्रामसभेला नऊ माणसं आली होती. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले की ताई, संख्या भरत नाही, तुमच्या गटांतल्या बायकांच्या हजेरीच्या सह्या तेवढ्या आणा. असं दरवेळी चालतं. मी रजिस्टर काखेत मारलं आणि जी जिथं भेटली तिथं तिची सही घेतली. वरचा अर्धा कागद कोरा होता. ठराव त्यांनी नंतर लिहिला. मला मात्र पानाचा कोपरा खराब केला म्हणून बोलले. भागूबाईला सही येत नाही. तिचा अंगठा मी माझ्या हातानं टेकवला.

एकोणीस तारखेला शेवगावच्या तहसील कचेरीत जनसुनावणी आहे. हजेरीसाठी दिलेली सही तीच ही, हे बायकांच्या ध्यानात आलेलं नाही; त्यांना वाटतंय की संमतीखाली कुणीतरी खोट्या सह्या केल्या. मी गप्प आहे. बोलले तर माझं गटांचं काम जाईल, आमचे हे सरपंचांचाच ट्रॅक्टर चालवतात तेही जाईल, आणि भागूबाई पुन्हा माझं तोंड बघणार नाही. नाही बोलले तर गायरान जाईल. तीन दिवस घास उतरत नाही. काय करू, ते कळवा.

लोभ आहेच. सध्या तो जरा जास्त लागेल.

आपली
रुपाली


नगर
७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस अ. उ. आ.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. वापर नाही! बेचाळीस बायकांच्या पायांनी पायवाटा पडल्या, त्या यांच्या नकाशाला दिसल्या नाहीत. गोदामात पोतं ठेवलं की वापर, आणि शेळीनं पाला खाल्ला की पडीक! ज्यांचं सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांचं चालणं, राबणं, जगणं काहीच मोजायचं नाही, असा हा कायदा आहे का? आणि त्याला नाव काय, तर सर्वसमावेशक!

भीती वाटते म्हणतेस. वाटू दे. चाळीस वर्षं मी व्यासपीठावर उभा राहिलो, दर वेळी पाय लटपटत होते. लोक पायांकडे बघत नाहीत. तू उभी राहा आणि बोल. तुझी चूक हजेरीची आहे, त्यांची चूक चोरीची आहे. सोबत चार पानी भाषण लिहून पाठवतो, पाठ कर. दुसऱ्या पानाच्या शेवटी टेबलावर मूठ आपट.

तुझी मामी म्हणते की आधी पोरीला जेवायला सांगा, क्रांतीचं नंतर बघा. तेव्हा जेव.

आशीर्वाद आहेतच, निर्भय हो.

तुझा
राधाकृष्णमामा


बोरखडी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

भाषण पोचलं. मूठ आपटायची ते टेबल तहसीलदारांचं असणार, एवढंच तुमच्या ध्यानात राहिलं नाही.

काल भाऊसाहेब घरी आले होते. चहा घेतला, धनश्रीची इयत्ता विचारली, आणि जाताना हळूच म्हणाले की रजिस्टरात बेचाळीस नावं लिहिलेलं अक्षर तुमचं आहे ताई, तेव्हा गुन्हा कुणावर पडतो याचा विचार करून ठेवा. आवाज इतका मऊ की ह्यांना वाटलं, गावातलंच काही बोलतायत. ते गेल्यावर मी तो कप दोनदा धुतला. गायरानावर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकल्यात. दोन अनोळखी माणसं दिवसभर मोटरसायकलवर बसून असतात. भागूबाईनं मला विचारलं की ताई, हे कशाचं हाय गं? मी म्हणाले, ठाऊक नाही.

आता एक विचारते, रागावू नका. प्रस्तावनेत एक वाक्य आहे, ‘ज्या घरात सगळ्यात शेवटी दिवा लागतो, विकासाची मोजणी त्या घरापासून सुरू व्हावी.’ मी आठवीत असताना तुम्ही आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हेच बोलला होता. मी वहीत उतरवून घेतलं होतं. काल वही काढून पाहिली. मामा, ती प्रस्तावना तुम्ही लिहिलीत का?

उत्तर कसंही असलं तरी लोभ कमी होणार नाही. पण उत्तर द्या.

रुपाली


नगर
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुपालीस अ. आ.

हो.

सप्टेंबरमध्ये त्यांनी बोलावलं. म्हणाले की मराठी रूक्ष आहे, सर, तुम्ही जीव ओता. मी ओतला. शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला. मागचे तक्ते माझ्यासमोरच होते. मी ते उलटलेसुद्धा नाहीत. आकड्यांत काय वाचायचं, असं मला आयुष्यभर वाटत आलं. बोरखडीचं नाव त्यात होतं. माझ्या बहिणीच्या लेकीचं गाव.

तू न वाचता सह्या घेतल्यास, मी न वाचता सजावट केली. तुझ्यापाशी निदान घाईचं कारण होतं.

मागच्या पत्रात मी तुला निर्भय हो म्हणालो. पोरी, तुझं पत्र आल्यापासून मला झोप नाही. लोक काय म्हणतील, याची भीती वाटते. एवढ्या वर्षांची भाषणं एका तक्त्याखाली गेली. एकोणीसला मी शेवगावला येणार नाही. आलो तर बोलल्याशिवाय राहणार नाही, आणि माझ्या आवाजाखाली तुझा दबेल. हे खरं कारण की पळवाट, ते मलाही सांगता येत नाही. त्या दिवशी मी इथं प्राधिकरणात जाऊन, माझं वाक्य काढून टाका, असा अर्ज देईन.

ते चार पानी भाषण फाडून टाक.

मामा


बोरखडी
२१ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

भाषण फाडलं नाही, पिशवीतच राहिलं. मी उभी राहिले. तहसीलदारसाहेबांनी विचारलं की सह्या कुणी घेतल्या. मी म्हणाले, मी. एवढाच शब्द निघाला. मागं बसलेल्या बायकांचा श्वास मला ऐकू आला. भागूबाईनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी लिहू शकत नाही.

भाऊसाहेब लगेच उठले. म्हणाले की बघा, ताईंनीच कबूल केलं, सह्या खऱ्या आहेत. साहेब पुढचा कागद घेणार, तोच भागूबाई उठली. म्हणाली की साहेब, अंगठा माजाच हाय, पर मी सभेला न्हवते, गायरानात हुते. माजी शेळी व्यायत हुती. ही ताई तितं आली, मी शेळीला धरून हुते, म्हणून हिनं माजा अंगठा धरून टेकवला. मग दुसरी उठली, मग तिसरी. बेचाळीसपैकी एकतीस सह्या मी गायरानावर घेतल्या होत्या, मामा. हे मला माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. साहेबांनी रजिस्टर मागवून ते पान उघडलं. कोपरा पाहिला. हा कशानं गेला, असं विचारलं. भागूबाई म्हणाली की माज्या शेळीनं खाल्ला.

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि रजिस्टर ठेवून घेतलं. निकाल नाही. उद्या अकरा जणींनी नगरला प्राधिकरणात जबाब द्यायचा आहे.

मला संध्याकाळीच नोटीस आली, चौकशी होईपर्यंत काम बंद. ह्यांना ट्रॅक्टरवर येऊ नका असा निरोप आला. जीपमध्ये परत येताना एकही बाई माझ्याशी बोलली नाही.

आज भागूबाई दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली की तुला माफ केलं असं समजू नको, पर उद्या मी नगरला चालले, माज्या सात शेळ्या तू चारायच्या. कोणती लंगडते, कोणती लबाड आहे, सांगून दावणीला बांधून गेली.

मोटरसायकलवाले आता चार आहेत. काल त्यांनी मला नावानं हाक मारली. हे म्हणतात की एक दिवस शेळ्या दारातच राहू दे, पाला आणून टाकू. पण उद्या जाणत्या अकरा जणी नगरला असणार, आणि बाकीच्या भीतीनं शेळ्या सोडणार नाहीत. उद्या तिथं एकही शेळी नसेल तर त्यांचा रकाना एक दिवसापुरता खरा होईल. मला फार भीती वाटते, मामा. सकाळी सातला शेळ्या सोडते.

टपालानं वेळेत पोचणार नाही, म्हणून हा कागद संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते. बायकांनी नगर पाहिलेलं नाही. दहाच्या एसटीला स्टँडवर उभे राहाल का? भाषण नको. पिण्याचं पाणी आणा, आणि भागूबाईला आधी द्या.

लोभ आहे, तो त्यांच्या वाट्यालाही यावा.

आपली
रुपाली