उष्टा दोरा

सातारा,
दिवाळीच्या तोंडावर

प्रिय राजी,

हातात मोबाईल असताना अंजीला कागद-पेन कुठून सुचलं, असं म्हणून तू आधी हसशील. पण फोनवर तू रडायला लागलीस की माझं काय होतं ते तुला पक्कं ठाऊक आहे. आष्ट्याच्या शाळेत त्या एका रडण्यावर तू माझ्याकडून वर्षभराची गणितं सोडवून घेतलीस. कागदावर तुझं रडणं मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहिते. प्रांजलला आणि बाळाला माझे खूप आशीर्वाद. नात आली, घरात लक्ष्मी आली. बाळाचं नाक अगदी तुझ्यासारखं नकटं आहे, असं आमचे हे फोटो बघून म्हणाले. मी त्यांना गप्प केलं, पण आहे खरं.

एवढं गोड लिहून झालं. आता पुढचं गोड नाही. गेले काही दिवस मला जेवण जात नाही, राजी. पोळीचा तुकडा मोडला की खोबऱ्याचा आंबूस वास नाकात येतो आणि ताट सरकवावं लागतं. आजारी नाही मी. मला किळस आलीय. तुझ्या घराची, आपल्या कंपनीची, आणि तुझीही. खंडेनवमीच्या ताटांतला तो माल सांगली जिल्ह्यात गेलाय, तो परत येत नाही तोवर ही किळस जाणार नाही.

तुला शकुंतलाबाईंचा शिवणवर्ग आठवतो? सुईत दोरा ओवायचा म्हटलं की तुझा दोरा आधी तोंडात. जिभेवर ओला करून, दातांनी टोक चावून, मग एक डोळा मिटून ओवणार. बाई पाठीत धपाटा घालायच्या, तरी तुझी सवय जाईना. आपल्या कंपनीत ऑपरेशनच्या टाक्यांचा दोरा पॅक करायला नव्या पोरी येतात ना, त्यांचंही तेच होतं. घरून शिकून आलेला हात. सुईच्या बुडाला धागा बसवायला दिला की हात आपोआप तोंडाकडे जातो आणि मास्कवर आपटतो. मग त्या लाजून हसतात. मी प्रत्येकीला एकच सांगते, बाई, हा दोरा कुणाच्या तरी पोटात जाणार आहे, उष्टा चालत नाही. एवढं एक वाक्य पुरतं. आपल्या मुलखात उष्ट्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

तू मालकीणबाई, पण आतलं काम तू कधी नीट पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. सुई लावलेला धागा कागदी कार्डावर गुंडाळला जातो, पाकिटात जातो. पाकिटाचं एक तोंड उघडं ठेवून सगळा माल गॅसच्या पेटीत घालतात. तिथं जंतू मरतात. मग तो वाळवून, ताटांत मांडून आमच्या आतल्या खोलीत येतो आणि मशीनवर ते उघडं तोंड कायमचं बंद होतं. त्यानंतर ते पाकीट उघडतं ते थेट ऑपरेशनच्या टेबलावर. मध्ये कुणी धुवत नाही, पुसत नाही. म्हणून त्या खोलीत टोपी, मास्क, हातमोजे, पायांत पिशव्या. पोरी तिला सोवळ्याची खोली म्हणतात. मला हा शब्द फार आवडायचा. आता तो तोंडात घ्यावासा वाटत नाही.

दर वर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा बाहेर व्हायची. जनरेटरला हार, फाटकापाशी नारळ, पेढे, सुट्टी. यंदा तुझ्या सासूबाई आल्या. राहीबाईंपुढं बोलायची कुणाची छाती? त्या म्हणाल्या, आवं, खरी लक्ष्मी आत हाय, तिला कोंडून भाईर कसली पूजा करताय? आणि दाजींनी, तुझ्या ह्यांनी, दार उघडलं. दाजी म्हणते, कारण घरी ते माझे दाजीच. कंपनीत साहेब म्हणायची सवय आहे, पण त्या दिवशी ते साहेब नव्हते, आईचं लाडकं लेकरू होते. पूजेला जायचं म्हणून सगळ्यांनी काय केलं, आठव. चपला काढल्या, हे ठीक. पायांतल्या पिशव्याही काढल्या! देवापुढं पायांत काही नको म्हणून. अंगणातला चिखल तुडवून आलेले पाय घेऊन सगळे अनवाणी, भक्तिभावानं आत आले. आमच्या दोन पोरींना मात्र अडचण होती म्हणून सासूबाईंनी दाराबाहेर उभं केलं. साऱ्या कंपनीत त्या दोघींनीच मास्क नीट बांधला होता, राजी. विटाळ म्हणून त्या बाहेर आणि चिखलाचे पाय आत.

मी आडवी गेले. ताटं उघडी आहेत, म्हटलं, पाकिटांची तोंडं उघडी आहेत. सासूबाईंनी ऐकलं असं, जसं कावळा ओरडतोय. मशीनच्या जबड्याला हळद-कुंकू लावलं, मग मालालाबी लावते म्हणत चिमूट ताटांवर सोडली. नारळ मशीनच्या पायाशी फोडला, पाणी उडालं ते खालच्या ताटापर्यंत. उदबत्तीची राख. मग खोबरं-साखर. पोरींनी मास्क खाली ओढून तिथंच खाल्लं, कारण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? आणि तू, आरतीचं ताट हातात धरून उभी असलेली तू, माझी टोपी वर सरकवून मला कुंकू लावलंस. मी तुझ्याकडे बघितलं. तुझी नजर ताटांवर होती. तुला कळलं होतं. शकुंतलाबाईंच्या हाताखाली शिकलेल्या बाईला ते न कळणं शक्यच नव्हतं.

मी त्या ताटांना लाल पट्टी लावली, म्हणजे हा माल बाद. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर दार उघडलं तर आधी तो वास आला. एसी बंद होता, नारळाचं पाणी आंबलेलं. आणि मुंग्या. साखरेच्या मागावर आलेली काळी रांग मशीनवरून चढून ताटात उतरलेली, पाकिटांच्या उघड्या तोंडांतून आत-बाहेर करत होती. मी बाहेर जाऊन ओकले. मग दाजींना बोलावून दाखवलं. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, अंजनाताई, आपल्या धाग्याला जंतू मारायचं औषध हाय न्हवं? मग कशाला एवढा बाऊ करताय? राजी, त्या औषधाचा लेप कशासाठी असतो? जखमेतल्या जंतूंनी धाग्यावर घर करू नये म्हणून. मुंग्यांनी चाटलेला धागा पावन करण्यासाठी नाही. शिवाय हा पोटात विरघळणारा धागा, याला ओल अजिबात चालत नाही. ओल लागली की पाकिटातच त्याची ताकद जाते, आणि जखम भरायच्या आधी टाका सुटतो. हे मी सांगत होते आणि ते मान हलवत होते. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर ताटं रिकामी. दुसऱ्या पाळीनं स्पिरिटचा बोळा फिरवून सगळं बंद केलं होतं, खोकी सांगलीला रवाना. लाल पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात चिकटलेल्या सापडल्या.

मी भांडले. दाजी म्हणाले, ऑर्डर तुंबलीय, आणि आजवर कुणी मेलंय का? त्यावर मी तुला फोन करणार होते, तेवढ्यात तुझाच आला. मी इतकी खूश झाले, म्हटलं, राजीला कळलंच असणार, ती दाजींना सरळ करणार. आणि तू म्हणालीस, प्रांजलचं सिझर ठरलंय, सांगलीच्या त्या दवाखान्यात आपलाच दोरा वापरतात, तू श्रावणातल्या मालातला एक डबा घेऊन ये. नव्यातला नको. ह्यांनीच सांगितलंय. कुणाला बोलू नकोस.

ह्यांनीच सांगितलंय! बाऊ कशाला म्हणणाऱ्या माणसानं! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं आपण हसत हसत म्हणतो. इतकं ओंगळ असतं ते, हे मला माहीत नव्हतं.

तरी मी आले. प्रांजल माझ्या मांडीवर वाढली, तिच्यासाठी मी एसटीनं डबा पिशवीत घालून सांगलीला आले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण पुढचं मी पाहिलं ते पाहायला नको होतं. शेजारच्या खाटेवर ती शिवांजली होती, तासगावची, बेदाण्याच्या शेडवर कामाला जाणारी. दुसऱ्या दिवशी तिचंही सिझर. तिची सासू मला म्हणाली, तुमच्याच कंपनीचा दोरा हाय म्हनं, लय चांगला असतो न्हवं? आणि माझ्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले. तू त्या पोरीच्या पोटावरून हात फिरवलास, घाबरू नकोस गं बाळा म्हणालीस, तिला डिंकाचा लाडू दिलास. सगळं मनापासून, मला माहीत आहे, तू मायाळूच आहेस. पण दुसऱ्या हातानं तू आपल्या लेकीसाठीचा डबा पदराखाली धरला होतास. त्या क्षणी मला तुझी जी शिसारी आली, ती मुंग्यांचीही आली नव्हती.

दवाखान्यातला आपला माल अचानक का काढून ठेवला, कुणी चुगली केली, याचा दाजी शोध घेताहेत ना? नका शोधू. मी होते ती. तू चहा आणायला गेलीस तेव्हा मी मोठ्या सिस्टरना गाठलं आणि सगळं सांगितलं. प्रांजलच्या डब्यात बरीच पाकिटं होती. तुझ्या लेकीला आणि त्या शिवांजलीला एकाच डब्यातल्या दोऱ्यानं शिवलंय, राजी. दोघींचे टाके कोरडे आहेत, मी फोन करून विचारलं. पण सिस्टर म्हणाल्या, नव्या खोक्यांतली काही पाकिटं आधीच वापरून झालीत. ती कुणाच्या पोटात आहेत, त्या बायकांना कुणी कळवणार का? आणि बाकीची खोकी इस्लामपूरला, मिरजेला, कुठं कुठं गेलीत. ती परत मागवायला कंपनीला चूक झाली असं म्हणावं लागतं. आणि कंपनी म्हणते, पूजा बाहेरच झाली. आतला कॅमेरा त्या दिवशी बंद होता म्हणे. पोरी घाबरल्यात, त्यांच्या चुली या पगारावर पेटतात. उरले मी, आणि दाजी सगळीकडे सांगताहेत की अंजनाताईला बढती दिली नाही म्हणून ती खार खाऊन आहे. आमचे हे म्हणाले, नोकरी गेली तर गेली, फौजेची पेन्शन हाय. नोकरीचं मला काही वाटत नाही. माझा शब्द एकटा पडतोय, त्याचं वाटतं.

शकुंतलाबाईंनी आपल्याकडून देवीची चोळी शिवून घेतली होती, ते आठवतं का गं? चोळी पुरी झाली, काठ लागले, सगळे वाहवा करत होते. तू सवयीनं दोरा तोंडात घातला होतास हे कुणीही पाहिलं नव्हतं, शेजारी बसून मीसुद्धा नाही. तूच उठलीस आणि म्हणालीस, बाई, मी दोरा उष्टा केला. मग सगळा वर्ग घरी गेला तरी एकटी बसून एकेक टाका उसवलास, रडत रडत, नाक पुसत. त्या दिवसापासून तू माझी मैत्रीण झालीस. सोमवारी औषध खात्याचे लोक कंपनीत येणार आहेत, मीच कळवलंय. ते मला विचारतील, तुमच्याशिवाय हे कोण सांगेल, आणि मला तुझ्या त्या डब्याच्या फोनचं सांगावं लागेल. तुझ्या पाठीमागं तुझं नाव घेणं मला जमायचं नाही, म्हणून हे पत्र आमच्या ह्यांच्या हाती पाठवते आहे. माझ्या तोंडून ते निघायच्या आधी तू ये. त्या खोलीच्या दारात उभी राहा, आणि आष्ट्यात म्हणाली होतीस तेच म्हण. उसवायला मी बसेन तुझ्याजवळ.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
अंजी