सकाळच्या चॉकलेटचे चित्र कुणी कुठे टांगावे

मी, तादेयो कोर्तेलाझ्झो, रेशमाचा व्यापारी, राहणार व्हेनिस, शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर असताना, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहितो. भाची झानेता दाराआड उभी आहे. तिचा यात काही हात नाही.

राहते घर झानेताला. मोलकरीण मेनेगाला मात्र तिने काढू नये. मेनेगा माझ्या प्यायच्या चॉकलेटमध्ये पाणी घालते. पण ती काय घालते ते निदान मला ठाऊक आहे, झानेताचे सांगवत नाही.

आता दिवाणखान्यातले चित्र. माझी पत्नी लुग्रेझिया, देव तिला शांती देवो, सकाळच्या झग्यात खुर्चीत बसली आहे. फेरिगो दोनिन तिला चॉकलेटचा पेला देतो आहे. मला चावणारा कुत्रा त्याच्या पायांवर झोपला आहे. मागे खिडकीशी मी पत्ते पिसतो आहे. लुग्रेझिया हसते आहे, पण कुणाकडे बघून? फेरिगोकडे, की त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे? चित्रकार म्हणाला, "मालक, दिसलं तसं काढलं." हे काय उत्तर झाले?

फेरिगो तिचा सोबती. बायकोला नाटकाला, चर्चला नवऱ्यानेच नेले तर आमच्याकडे लोक तोंडावर हसतात, म्हणून तिला नेण्या-आणण्यासाठी लग्नाच्या करारातच त्याचे नाव घातले होते. सही माझीच. तिने कुणाकडे बघून हसावे, हे तेवढे लिहायचे राहिले.

तिच्या शेवटच्या आजारात मी तिला विचारलेच.

"चित्रात कुणाकडे बघत होतीस गं?"

"चॉकलेटकडे. तुमच्या त्या चित्रकारानं सकाळपासून उपाशी बसवलं होतं मला."

उत्तर जरा जास्तच तयार होते.

फेरिगो अजूनही रोज संध्याकाळी पत्ते खेळायला येतो. परवा त्यालाही विचारले. मान वर न करता म्हणाला, "तादेयो, मी नुसता पेला धरला. खेळ आता." मला लुग्रेझियाची फार आठवण येते, आणि तिच्याविषयी बोलायला या माणसावाचून कुणी उरलेले नाही. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

म्हणून ते चित्र फेरिगोला. महिन्याभराने फादर इझेप्पो यांनी सहज म्हणून त्याच्या घरी जावे. चित्र बैठकीत टांगलेले असेल तर चर्चमध्ये माझ्या थडग्यापाशी येऊन हळूच सांगावे. लुग्रेझिया शेजारीच आहे, तिलाही ऐकू जाईल.

निजायच्या खोलीत असेल तर येऊ नये.

साक्षीदार: बोर्तोलो रामपिन, न्हावी; लुनार्दो स्कार्पा, औषधविक्रेता. फेरिगो साक्षीला तयार होता, मीच नको म्हटले.

व्हेनिस, १९ नोव्हेंबर १७६८
सही: तादेयो कोर्तेलाझ्झो